सकपाळ मास्तरांचं सेकंड

सकपाळ मास्तर आमच्या घरी पहिल्यांदा आले, ते दोनदा आले.

दार उघडंच होतं. लेंगा, बुशकोट, काखेत व्हायोलिनची काळी पेटी अशा थाटात एक सडपातळ, पांढऱ्या मिशांचे गृहस्थ आत आले आणि म्हणाले, "नमस्कार. मी हरिश्चंद्र सकपाळ." मग जरा थांबले. स्वतःशीच नाराजीने मान हलवली. "नाय, घाई झाली. वन मोअर," असं पुटपुटत बाहेर गेले, चपला घातल्या, फाटकापर्यंत चालत गेले, तिथून वळले, परत आले, चपला काढल्या आणि पुन्हा म्हणाले, "नमस्कार. मी हरिश्चंद्र सकपाळ." या खेपेला त्यांचं समाधान झालेलं दिसलं. "ओके," ते म्हणाले आणि खुर्चीवर बसले.

बायकोने मला आत बोलावून हळूच विचारलं, "डोक्याने बरे आहेत ना?" मी म्हटलं, "मला काय विचारतेस? मीही त्यांना आत्ताच पाहतोय."

पुढे या 'वन मोअर'ची सगळ्या महाड-पोलादपूरला सवय झाली. फोनवरचं 'हॅलो' मनासारखं झालं नाही तर मास्तर फोन ठेवून देत आणि पुन्हा लावत. एकदा एसटीत ते कंडक्टरला "एक वरंध" म्हणाले. ते त्यांचं त्यांनाच जरा चिडकं वाटलं, म्हणून "वन मोअर" म्हणाले. कंडक्टरने मुकाट्याने दोन तिकिटं फाडून हातात दिली. मास्तरांनी शेजारच्या सीटवर व्हायोलिन बसवलं आणि उभ्या प्रवाशांना ते दुसरं तिकीट दाखवत वरंधपर्यंत गेले.

कहर म्हणजे एका घरी ते समाचाराला गेले होते. घरातला कर्ता माणूस गेला होता, बायामाणसं भिंतीला टेकून बसली होती. मास्तर आत आले, "फार वाईट झालं" म्हणाले, थांबले आणि उठून बाहेर गेले. पुन्हा आले. पुन्हा म्हणाले, "फार वाईट झालं." कोपऱ्यात बसलेली थोरली सून पदर तोंडाला लावून फिसकन हसली आणि मग एकेक करत सगळं घर हसायला लागलं. मास्तर शरमून अर्धे झाले. पण त्या घरातल्या आजीबाई नंतर कुठेही भेटल्या की मास्तरांना हटकून म्हणत, "या की वो घरी एकदा, दोनदा."

आता ही खोड लागली कुठून, तर सिनेमाच्या रेकॉर्डिंगमधून. मास्तर मूळचे वरंधच्या बाजूचे. पोरवयात मामाबरोबर मुंबईला गेले आणि एका गोवेकर सरांच्या घरी वरकामाला राहिले. हे सर व्हायोलिन शिकवायचे. पोरगं झाडू मारता मारता ऐकतं आणि बरोबर तेवढंच गुणगुणतं हे त्यांच्या लक्षात आलं. त्यांनी झाडू काढून घेतला आणि हातात गज दिला. पुढे तीसेक वर्षं मास्तर फिल्मी गाण्यांत व्हायोलिन वाजवत होते. तेव्हा एका गाण्याला तीस-चाळीस व्हायोलिनं एकदम बसायची. त्यातला एक जण चुकला की रेकॉर्डिस्ट 'वन मोअर' म्हणायचा आणि सगळ्यांनी पहिल्यापासून पुन्हा वाजवायचं. आयुष्यभर अशी शिस्त अंगात मुरली की माणूस स्टुडिओबाहेरही टेक देत राहतो, त्याला काही इलाज नाही.

मग कीबोर्ड आला. चाळीस माणसांचं काम एक पोरगा दहा बोटांनी, बसल्या बसल्या, बर्गर खात करू लागला. मास्तरांचे फोन कमी झाले, मग बंद झाले. नव्वदच्या दशकाच्या मध्यावर कधीतरी ते व्हायोलिन घेऊन गावी परतले. घरी दुसरं कुणी नव्हतं. लग्न राहूनच गेलं होतं. कुणी विचारलंच तर म्हणायचे, "काय करणार, डेट नाय मिळाली."

माझ्याकडे ते आले त्याला कारण माझा धंदा. महाडला माझी साऊंड सर्व्हिस आहे. लग्न, बारसं, सत्यनारायण, निवडणूक, मार्चमधली चवदार तळ्यावरची गर्दी, कुठेही चार माणसं जमली की माझे स्पीकरचे बॉक्स तिथे असतात. मास्तरांनी बरोबर माणूस गाठला होता.

"रेकॉर्डिस्टसाहेब," ते मला म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदाच मला कुणी असं म्हणालं. एरवी मी 'ए स्पीकरवाल्या' असतो. "तालुक्यात कुठं काय वाजतंय ते तुम्हाला आधी ठाऊक असतं. मला सांगत जा. मी जाऊन बसेन."

"कार्यक्रम द्यायचाय का तुम्हाला?"

"छे छे. नुसता मागे बसेन."

मला वाटलं, करमत नसेल म्हाताऱ्याला. पहिलंच नाव मी पाचाडचं सांगितलं. तिथे गणपत शेडगे म्हणून माझा दोस्त आहे. रायगड चढून-उतरून दमलेल्या लोकांना तो पिठलं-भाकरी खाऊ घालतो आणि गावच्या भजनात पेटी वाजवतो. पिठलं झणझणीत, पेटी त्याहून झणझणीत. फिल्मी गाण्यांत वाजवलेला माणूस आपल्या तालुक्यात आलाय म्हटल्यावर गणपतने अख्खं गाव गोळा केलं. खुर्ची मांडली, हार आणला.

"मास्तर, ते गाणं वाजवा," असं म्हणून गणपतने एका गाण्याचं नाव घेतलं. ते गाणं कुठलं हे मी सांगणार नाही, कारण सांगितलं तर तुम्ही ते गुणगुणत बसाल आणि माझं ऐकणार नाही. त्या काळी ते पानाच्या टपरीपासून न्हाव्याच्या दुकानापर्यंत सगळीकडे वाजायचं. "त्यात तुमी हाव ना?"

"आहे तर," मास्तर खुशीत म्हणाले. त्यांनी व्हायोलिन हनुवटीखाली धरलं, "सायलेन्स" म्हणाले आणि वाजवायला लागले.

एक लांबलचक सूर आला. मग काहीच नाही. मास्तर डोळे मिटून ओठांतल्या ओठांत मोजत होते. मग दोन सूर. पुन्हा शांतता. पुन्हा तोच लांब सूर, जरा खाली. पाचाडकर एकमेकांकडे बघू लागले. कुणीतरी म्हणालं, अजून तारा लावतायत वाटतं. पाच मिनिटं हे असं चाललं आणि मग मास्तरांनी गज खाली ठेवून मान लवून नमस्कार केला. गाणं संपलं होतं.

"ह्ये गानं?" गणपत म्हणाला. "ह्ये तर टेंपो रिव्हर्स घेतल्यावानी झालं."

हार तसाच खुर्चीवर राहिला. दुसऱ्या दिवशी मास्तर महाडला पोचायच्या आत गणपतचा निकाल पोचला होता: हा बाबा सिनेमात-बिनेमात काही नव्हता, स्टुडिओत चहा वाटत असंल.

मी मास्तरांना गाठून विचारलं तेव्हा ते अजिबात रागावले नाहीत. "मी सेकंडचा माणूस," ते म्हणाले. मग त्यांनी मला समजावून सांगितलं. व्हायोलिनं दोन रांगांत बसतात. पुढची रांग गाणं वाजवते, लोक ऐकतात ते. मागची रांग त्याच्या खाली दुसरंच काहीतरी वाजवते, भरीचं. त्याला सेकंड म्हणायचं. मास्तर तीस वर्षं मागच्या रांगेत होते. शेकडो गाणी त्यांना पाठ होती, पण सगळी खालून.

"अहो, मग पुढच्या रांगेचं वाजवून दाखवायचं त्या गणपतला! तुम्हाला काय अवघड आहे?"

मास्तर माझ्याकडे असे बघत राहिले, जणू मी त्यांना शेजाऱ्याच्या दोरीवरचा सदरा घालायला सांगत होतो. "तो माझा पार्ट नाय, रेकॉर्डिस्टसाहेब. दुसऱ्याचा पार्ट कसा वाजवू?"

मला हसू आवरेना. शेवटी तेही हसायला लागले. मग हसता हसताच म्हणाले, "माझ्याजवळ आहे ते एकट्याने वाजवलं तर काहीच नाय बघा. वरती गाणं वाजवायला कुणीतरी पाहिजे."

तर हे असं होतं. त्या माणसाला स्वतःचं वाजवता यावं म्हणून आधी आजूबाजूला गाणं वाजवणारी माणसं उभी करायची होती. पुढे सात-आठ वर्षं तालुकाभर फिरून त्यांनी लोकांना शिकवायचा जो खटाटोप केला, तो सगळा त्यासाठी.

शिकवायची त्यांची पद्धतही त्यांच्यासारखीच. आपण होऊन कुणाला काही शिकवायला जायचंच नाही. जिथे काही वाजत असेल तिथे जायचं आणि सगळ्यात मागे बसायचं. भजन असो, लग्नातला खालूबाजा असो, काहीही असो. अर्धा तास नुसतं ऐकायचं. मग हळूच खालून एक सूर लावायचा, कुणाला कळेल न कळेल असा. महाडच्या भीमनगरातला सुरेश गायकवाड ढोलकी वाजवायचा, त्याचं भीमगीतांचं पथक होतं. त्यांच्या सरावाला मास्तर असेच जाऊन बसले. सुरेश हुशार माणूस. गाणं संपल्यावर त्याने विचारलं, "काका, तुम्हाला पाठवलं कुणी?"

"कुणी नाय. मागे जागा होती म्हणून बसलो."

सुरेशने जरा विचार केला. "बुधवारी पण जागा असते," तो म्हणाला.

एकदा असे आत शिरले की मग मात्र मास्तर छळायचे. कुठे थांबायचं, किती थांबायचं, शेजारच्याचं कसं ऐकायचं. "वाजवायला कुणीपण शिकवील," ते म्हणायचे, "मी गप्प बसायला शिकवतो." आणि काही बिघडलं की वन मोअर. एका ओळीसाठी सुरेशच्या पथकाला त्यांनी चहा थंड होईपर्यंत, मग दुसरा चहाही थंड होईपर्यंत वन मोअर करायला लावलं होतं.

पोलादपूरच्या वरच्या अंगाला डोंगरमाथ्यावर धनगरांची वाडी आहे. तिथली ठकूबाई ढेबे तूप विकायला महाडच्या बाजारात यायची. तिचा आवाज मास्तरांनी बाजारात ऐकला, भाव करताना. आपण होऊन जायचं नाही हा नियम मोडून दुसऱ्याच दिवशी व्हायोलिन घेऊन ते डोंगर चढून गेले. ठकूबाईने त्यांना वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"शिकवाय आलाव?"

"होय."

"मंग बसा. म्हशीचं आटपू द्या माझ्या."

मास्तर बसले. म्हशीचं आटपायला दुपार झाली. त्यांना त्याचं काहीच वाटलं नाही, थांबण्यातच त्यांचा जन्म गेला होता.

ठकूबाई गायची मोकळ्या गळ्याने आणि झांज वाजवायची खणखणीत. अडचण एकच. मधे जिथे चार आवर्तनं गप्प राहायचं असतं, तिथे ती मोजेना. "आकडं माझ्या ध्यानात रात नाय," ती म्हणाली, "गुरं रातात." मास्तरांना ते पटलं. मग एकेका आवर्तनाला ठकूबाई एकेका गायीचं नाव मनात घ्यायची. कपिली, मोरी, चांदी, पाखरी, आणि मग झांज. इतकं बिनचूक की सुरेशसुद्धा तिच्याकडे बघून ढोलकी धरायचा.

एका रविवारी महाडला सराव चालू असताना ठकूबाईची झांज पडलीच नाही. सगळे तिच्या भरवशावर, त्यामुळे सगळेच गडबडले. एक आवर्तन उलटून गेल्यावर झांज पडली. मास्तर म्हणाले, "वन मोअर." पुन्हा तेच. तिसऱ्यांदाही तेच झालं, तेव्हा त्यांनी गज खाली ठेवला. "काय गो ठकूबाय? कुठं हरवतेस?"

"हरवतेय कशाला? कपिलीला वासरू झालाय. त्याला कसा सोडू?"

सुरेश कपाळाला हात लावून म्हणाला, "मास्तर, हे गाणं अख्ख्या देशाला पाठ आहे. कुठे थांबायचं ते ठरलेलं आहे."

"देशाच्या गोठ्यात वासरू नाय झालं," मास्तर म्हणाले. आणि त्यांनी सगळ्यांचा एकेक पार्ट बदलून मधे एक आवर्तन वाढवलं. आमच्याकडे ते गाणं तेव्हापासून तसंच वाजतं. मुंबईचे पाहुणे ऐकून म्हणतात, तुमचं मधे चुकतंय. आम्ही त्यांना काही सांगत नाही.

राहिला गणपत. तो एकदा तूरडाळीच्या खरेदीला महाडला आला आणि टिंगल करायला म्हणून शाळेच्या व्हरांड्यात चाललेल्या सरावाला येऊन उभा राहिला. मास्तरांनी त्याला बघितलं आणि इतकंच म्हटलं, "शेडगे, बरे आलात. पेटीला माणूस नाय. ते तुमचं गाणं वाजवा."

गणपतला काय, पेटी दिसली की हात शिवशिवतात. त्याने बसकण मारली आणि गाणं सुरू केलं. मास्तर त्याच्या मागे बसले आणि त्यांनी खालून तो लांब सूर लावला, पाचाडला लावला होता तोच. मग थांबले. मग ते दोन सूर. गणपतने वाजवता वाजवता मान वळवली. त्याचा चेहरा मला अजून आठवतो. रोजच्या राहत्या घराला अजून एक खोली असल्याचं कळावं तसा झाला होता तो.

"ह्ये ते रिव्हर्सवालं?" त्याने विचारलं.

"तेच," मास्तर म्हणाले. "पुढं बघून वाजवा."

त्या दिवसापासून गणपत मास्तरांचा भक्त झाला. खानावळीत कुणी पिठल्याला नाव ठेवलेलं त्याला चालायचं, पण मास्तरांना नाव ठेवलं तर भाकरी मिळायची नाही.

अशी मास्तरांची पार्टी जमली. पाचाडची पेटी, भीमनगरची ढोलकी, डोंगरावरची झांज, शिवाय गाणारे आणि टाळ्या धरणारे. एरवी ही माणसं एकमेकांच्या दारात कधी गेली नसती. आता रविवार आला की गणपत सुरेशकडे जेवायचा आणि ठकूबाई सुरेशच्या आईला तूप देऊन भाव न करता परत जायची. हे मास्तरांनी ठरवून केलं होतं की आपसूक झालं, मला माहीत नाही. त्यांना विचारलं तर म्हणायचे, "पार्टला माणसं लागतात."

माझं आणि त्यांचं भांडण फक्त माईकवरून. मी प्रत्येक कार्यक्रमात त्यांच्यासमोर माईक ठेवायला जायचो आणि ते तो उचलून परत द्यायचे. "सेकंडला माईक नसतो. मधे एकच ठेवा. माझं झिरपून येईल तेवढं पुरे."

"अहो, पण तुमचं कुणाला ऐकू येत नाही!"

"ऐकू यायचंच नसतं, साहेब."

मला याचा राग यायचा. एक तर माझा माईक नवा होता, आणि दुसरं म्हणजे, आपण वाजवलेलं कुणाला ऐकू येऊ नये असं कुणाला कसं वाटू शकतं?

याचं उत्तर मला मिळालं ते मास्तरांचा पाय मोडल्यावर. पाय कसा मोडला हे सांगायलाच नको. ठकूबाईच्या घरी ते गेले, "रामराम" म्हणाले, ते मनासारखं झालं नाही, म्हणून "वन मोअर" म्हणत उलट पावली मागे निघाले आणि ओट्यावरून थेट खाली गेले. वाडीवरच्या चार जणांनी त्यांना डोलीत घालून डोंगराखाली आणलं. वाटेत मास्तर त्यांची पावलं एका लयीत पडत नाहीत म्हणून ओरडत होते.

नेमका तेव्हाच एका शाळेच्या स्नेहसंमेलनाचा कार्यक्रम पार्टीने घेतला होता. आम्ही सगळे वरंधला त्यांना बघायला गेलो. मास्तर प्लास्टर घातलेला पाय उशीवर ठेवून पडले होते. गणपत म्हणाला, "कार्यक्रम नको म्हणून सांगतो. तुमच्याबिगर काय करायचं?"

"माझ्याशिवायच करायचा," मास्तर म्हणाले. "सेकंडचा माणूस नसला तर कुणाला कळत नाय. मी सांगतो ना." आणि त्यांनी आम्हाला एक किस्सा सांगितला. तो त्यांनी विनोदी म्हणून सांगितला, हे मुद्दाम सांगतो.

त्यांची आई गेली तेव्हा ते मुंबईहून गावी आले होते. तेरावं उरकून परत गेले. स्टुडिओत पाऊल ठेवल्या ठेवल्या, कुणी काय वाजवायचं ते लिहून देणाऱ्या अरेंजरसाहेबांनी पाठीवर थाप मारली आणि म्हणाले, सकपाळ, मागच्या आठवड्यातलं गाणं झकास झालं, छान वाजवलंस हां.

"पण तुम्ही नव्हतातच ना?" सुरेशने विचारलं.

"नव्हतोच!" मास्तर खो खो हसत म्हणाले.

"मग काय म्हणालात?"

"काय म्हणणार? थँक यू म्हटलं."

आमच्यातलं कुणीच हसलं नाही. मास्तरांचं हसणं एकटंच खोलीत फिरून थांबलं. मग ते छताकडे बघत म्हणाले, "ते गाणं खूप चाललं. रेडिओला कान लावून मी ऐकायचो, आपली जागा कुठं रिकामी राहिली असंल म्हणून. सापडली नाय. भरून गेली होती." ठकूबाई उठून चूल बघायला गेली.

संमेलनाच्या संध्याकाळी मी अॅम्प्लिफायरपाशी उभा होतो. पार्टी बसली, गणपतने गाणं सुरू केलं आणि पहिल्या ओळीलाच माझ्या लक्षात आलं की डावा बॉक्स गेलाय. आवाज येत होता, पण पोकळ. मी वायर हलवली. बेस वाढवला. डाव्या बॉक्सला कान लावला, तो ठीक वाटला. मग उजवा गेला असणार. उजव्याला कान लावला, तोही ठीक. वायर बदलली. पहिल्या रांगेतल्या एक शिक्षिका मला हाताने खुणावत होत्या की काहीतरी कमी येतंय. मी व्हॉल्यूम वाढवला, तर बॉक्सने नुसतीच शिट्टी मारली. घाम फुटला मला. इतक्या वर्षांत चालू गाणं मी कधी थांबवलं नव्हतं, पण त्या दिवशी स्टेजजवळ जाऊन हात वर केला. "थांबा रे, बॉक्स उडालाय!"

ठकूबाई माईकसमोरच होती. तिचा आवाज सगळ्या पटांगणावर गेला. "बॉक्स बरा हाय रे बाबा. मास्तर नाय आपलं."

गणपतने पेटीवरचा हात काढला. "मगापासनं मी पाय टाकतोय," तो म्हणाला, "आन् खाली पायरीच नाय."

पुढे सुरेशने ढोलकी सणसणीत वाजवून कार्यक्रम सावरला, ठकूबाईने आपली डोंगरावरची दोन गाणी म्हटली, टाळ्या पडल्या. पण ते गाणं मात्र पुन्हा कुणी घेतलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही माझ्याच टेंपोतून पेटी, ढोलकी, झांज घेऊन वरंधला गेलो. मास्तर वाटच बघत होते. "कसं झालं?"

"मधीच थांबलं," गणपतने सांगून टाकलं.

मास्तर उसळले. "थांबलं? चालू कार्यक्रमात? प्रोफेशनल माणसं असं करतात? एक माणूस नसला म्हणून कधी गाणं थांबतं? कुणी थांबवलं?"

सगळ्यांनी माझ्याकडे बोट दाखवलं.

"तुम्ही? का?"

मी खरं ते सांगितलं. "मला वाटलं, बॉक्स उडाला."

"कुठला?"

"आधी डावा वाटला. मग उजवा. मग दोन्ही."

मास्तर कोपरांवर रेटा देत उठून भिंतीला टेकले. मग हळू आवाजात म्हणाले, "कुठं लक्षात आलं तुमच्या?"

"पहिल्या ओळीलाच."

ठकूबाईने कोनाड्यातली व्हायोलिनची पेटी काढून त्यांच्या शेजारी ठेवली. "घ्या. पाय मोडलाय, हात नाय मोडला. आता आमच्यासंगं वाजवा एकदा, म्हंजे बरं वाटंल."

मास्तरांनी पेटीवर हात ठेवला. जरा वेळ तसाच ठेवला आणि मग काढून घेतला. "मी नाय वाजवत. तुम्ही वाजवा. काल वाजवलंत तसंच. माझ्याशिवाय."

"अवो, पण ते वाईट लागतं," गणपत म्हणाला.

"तेच ऐकायचंय मला."

गणपतने पेटी पुढ्यात घेतली. सुरेशने ढोलकी मांडीवर ओढली. गाणं सुरू झालं आणि कालच्यासारखंच खाली मोकळं मोकळं वाजत राहिलं. त्या लहानशा खोलीत ना माझे बॉक्स होते ना माईक, तरी ते लपत नव्हतं. मास्तर भिंतीला टेकून, डोळे मिटून पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकत होते. त्यांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ते पुसायचं त्यांना सुचत नव्हतं. मीही दाराबाहेर बघत उभा राहिलो, कारण माझीही तीच गत होती.

गाणं संपलं. मास्तरांनी डोळे न उघडताच विचारलं, "रिकामी जागा सगळीकडंच कळते का रे?"

"सगळीकडं," गणपत म्हणाला.